चाफल्यांच्या गाडीची काच

१

काच चांगली असली की ती कोणाला दिसत नाही, आणि काच घासणारीचं काम चांगलं असलं की तीही कोणाला दिसत नाही. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या काजल निमजेला सात वर्षं कोणी पाहिलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी मात्र अख्ख्या नागपूरने तिला पाहिलं, आणि तेही शिव्या घालत.

व्हिडिओ जेमतेम दीड मिनिटाचा होता. धरमपेठेतला हर्षित चाफले एका पांढऱ्या गाडीसमोर उभा राहून तावातावाने बोलत होता. मागे गाडीची समोरची काच, आणि तिच्यावर उन्हात झळकणाऱ्या गोल गोल ओरखड्यांची गर्दी.

"ही काच सोमवारी वाडीतल्या काजल ग्लास पॉलिशमध्ये घासून घेतली. बारीक ओरखडे काढायला दिली होती, तिने हे असे पाडून परत केली. बुधवारी संध्याकाळी ऊन समोर आलं, काचेत सगळा उजेड फुटला, आमच्या ड्रायव्हरला रस्ता दिसेना आणि एका गरीब माणसाला धडक बसली. आता सांगा, गुन्हेगार कोण?"

त्याच्या शेजारी स्वानंद उभा होता. धरमपेठेत त्याचं गाड्या चमकवण्याचं मोठं दुकान आहे. तो एक शब्द बोलला नाही, नुसती मान हलवत राहिला. कधी कधी मान जिभेपेक्षा जास्त नुकसान करते.

दहा वाजता दोन ट्रॅव्हल्सवाल्यांनी आपल्या गाड्या परत नेल्या. अकराला घरमालक आला आणि खाली मान घालून, "पोरी, दुसरीकडं जागा पाहून ठेव," एवढं बोलून गेला. साडेअकराला पोलीस चौकीच्या फौजदार गुंजन राऊत स्वतः दुकानात आल्या.

"धडक बसली त्या मनोहररावांच्या मांडीचं हाड मोडलंय," त्या म्हणाल्या. "इथल्याच गोदामावर वॉचमन आहेत. सायकलने ड्यूटीला चालले होते. चाफल्यांनी तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. उद्या चार वाजता मी कागद वर पाठवते. त्यात निष्काळजीपणासाठी तुमचं नाव जाईल."

"ते ओरखडे मी पाडले नाईत."

"काम झाल्यावर फोटो काढला होता?"

"काचेचा फोटो निघते का मॅडम? फोटोत काचेच्या पलीकडचं दिसते."

कोपऱ्यात बसून मशीनसाठी जाड लोकरी फेल्टच्या चकत्या कापणारे तिचे वडील मारोतराव हळूच म्हणाले, "माफी मागून टाक वं. मोठे लोक आहेत."

काजलने हातातला फडका बादलीत आपटला. "चुकली असती तं पायावर डोकं ठेवलं असतं, बाबा. चुकली नाई तं मान कायले वाकवू?" मग ती फौजदारबाईंकडे वळली. "मले ती काच एकदा पाहू द्या. उद्या चारच्या आत मी सांगते ते ओरखडे कोणी पाडले. नाई सांगता आलं तं खुशाल लिहा माहं नाव."

२

काच घासणं वरून सोपं दिसतं. सेरियमची पिठासारखी मऊ पावडर पाण्यात कालवायची, मशीनला फेल्टची चकती लावायची आणि काच सतत ओली ठेवत हळूहळू फिरवायची. काच तापली की तडकते आणि कोरडी पडली की ओरखडते. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो निघत नाही, आणि निघत नाही हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं असतं. मारोतराव मूळचे उमरेडचे विणकर. कापड उजेडात धरून एकेक तुटका धागा कसा हेरायचा हे त्यांनी लेकीला लहानपणीच शिकवलं होतं, आणि लेक आता त्याच नजरेने काच हेरत होती.

चाफल्यांची गाडी तिच्याकडे दोनदा आली होती. पहिल्यांदा पंधरा दिवसांपूर्वी. हर्षितचे वडील रुपराव चाफले म्हणजे लकडगंजातले जुने लाकूड व्यापारी, वय सत्तरीला टेकलेलं, आवाज मात्र अजून लाकूड कापणाऱ्या आरामशिनीसारखा. "पूर्ण काचेवर जाळं आहे, समोरच्या गाडीचा लाइट आला का फुटते," असं ते म्हणाले होते. काजलने आतून खडूने खुणा करायला घेतल्या, तर वायपरचे तीनच ओरखडे सापडले. ते तिने काढून दिले. या सोमवारी म्हातारबुवा पुन्हा हजर. ते उतरले, पलीकडच्या डाव्या दाराने ड्रायव्हर धर्मेंद्र उतरला, आणि रुपरावांनी तिथूनच आवाज चढवला, "जाळं तसंच आहे!" तिने पुन्हा पूर्ण काच घासली, गाडी चार वेळा उन्हात वळवून पाहिली. तरी जाता जाता ते शेजारच्या कोऱ्या टॅक्सीच्या काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचीही तूच वाट लावली का?" त्या टॅक्सीवरचं प्लास्टिक त्याच दिवशी निघालं होतं. काजलला राग आला होता, पण गिऱ्हाईक म्हणून तिने तो गिळला.

गाडी आता चौकीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. गुंजनबाईंनी ताडपत्री काढायला लावली आणि काजल काचेला नाक लावल्यासारखी वाकली.

पाच मिनिटं ती काच कोपऱ्या-कोपऱ्याने हेरत होती.

स्टेअरिंगच्या बरोबर समोर काच चांदणीसारखी तडकली होती. मनोहररावांच्या सायकलला लटकवलेला स्टीलचा डबा उडून तिथे आदळला होता. ओरखडे सगळे त्याच बाजूचे. डावी अर्धी काच स्वच्छ. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाने काढलेलं, वाळून गेलेलं बोटभर स्वस्तिक होतं.

"मॅडम, हे पाहा. ओरखडे स्वस्तिकाच्या कडेकडेनं गेले, पण त्याच्यावरून एकही नाई गेला. हे स्वस्तिक गाडी माह्याकडून घरी गेल्यावर काढलं. माह्या दुकानातून गाडी निघाली तेव्हा काचेवर कुंकवाचा टिपूसही नव्हता."

गुंजनबाईंनी आधी चारही बाजूंनी फोटो घेतले, मग मानेनेच परवानगी दिली. काजलने ओल्या बोटाने स्वस्तिकाची एक भुजा पुसली. खालची काच आरशासारखी निघाली.

"म्हणजे ओरखडे सोमवारनंतरचे. ठीक," गुंजनबाई म्हणाल्या. "पण मंगळवारी घरी कोणी गाडी पुसताना पाडले असतील. बुधवारी ड्रायव्हरला दिसलं नाही ते नाहीच. तुमचं नाव निघेल, ओरखड्यांची सबब राहील."

काजल पुन्हा काचेवर वाकली. तिने टाचणी मागितली आणि तडकलेल्या चांदणीच्या मधल्या खड्ड्यातून कणभर काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. पांढरे, टोकदार, उन्हात चमचमणारे कण. तिने ते दोन नखांमध्ये रगडले. कचकच आवाज आला.

"हे सेरियम नाई. सेरियम मैद्यासारखं राहते. ही गारगोटीची रांगोळी आहे. अन् ती तड्याच्या आत भरली आहे." तिने मान वर केली. "तडा डब्यानं पडला ना मॅडम? मंग रांगोळीनं घासलं ते तडा पडल्यावर. हे ओरखडे अपघाताच्या वेळी काचेवर नव्हतेच."

३

घटना अशी होती, निदान कागदावर. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला गाडी अमरावती रोडने वाडीकडे चालली होती, सूर्य समोर. धडक बसली. धर्मेंद्र आणि रुपराव यांनी मनोहररावांना उचलून त्याच गाडीत दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच हर्षित तिथे पोचला. धर्मेंद्र तिथूनच चौकीत गेला आणि रात्रभर तिथेच होता. अंधार पडल्यावर हर्षितने वडिलांना आणि गाडीला घरी सोडलं आणि तसाच उलट पावली दवाखान्यात परतला. सकाळपर्यंत तो मनोहररावांच्या खाटेजवळ होता, हे मनोहररावांच्या बायकोनेच सांगितलं. गुरुवारी सकाळी आठला पोलीस चाफल्यांच्या घरी पंचनाम्याला गेले तेव्हा काचेवर ओरखडे होते.

आणखी एक गोष्ट गुंजनबाईंनी जबाब चाळताना स्वतःच वाचून दाखवली. बुधवारी संध्याकाळच्या जबाबात धर्मेंद्र एवढंच म्हणाला होता, "ऊन डोळ्यांवर आलं." ओरखड्यांचा शब्द त्याच्या तोंडी आला तो गुरुवारी दुपारी.

जामिनावर सुटलेला धर्मेंद्र काजलला वाडी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सापडला. ताडमाड उंच, बोलायला मऊ, बारा वर्षं चाफल्यांकडे नोकरी केलेला माणूस. तिला पाहून त्याने नजर चहात घातली.

"धर्मेंद्रभाऊ, मी भांडाले नाई आली. धडक कशी झाली तेवढं सांगा ना गा."

"का सांगू ताई? ऊन होतं एकदम तोंडावर. सायकल कुठून आली समजलंच नाई. अन् डबा उडाला तं माह्या उजव्या हाताले काचेवर आदळला, फाडकन. मी असा हात आडवा धरला," असं म्हणत त्याने उजवा तळहात कानाजवळ धरून दाखवला.

काजलच्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते तिला पटकन उमगलं नाही. "अन् काचेवरचे ओरखडे? ते दिसले होते तुमाले?"

"गुरुवारी दिसले." तो अडखळला. "म्हणजे, आधीही असतीनच ना."

"मी घासलेली काच तुम्ही सोमवारी सोता पाह्यली. खोटं माह्या डोळ्यात पाहून बोला."

धर्मेंद्रने चहाचा ग्लास खाली ठेवला. तो चिडला नाही, उलट गयावया करू लागला. "ताई, तुमचं का होते? चार दिवस नाव खराब होईन. तुमाले कोणी जेलात टाकून नाई राहिलं. मले दोन लेकरं आहेत. दोष काचेवर गेला का माह्यावरचं हलकं होते, असं म्हणून राहिले ते."

"कोण म्हणून राहिले?"

तो उठला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

काजल तिथेच उभी राहिली. चार दिवस नाव खराब होईन! सात वर्षांत ट्रकांच्या धुळीत उभं राहून जे कमावलं ते ह्यांच्या लेखी चार दिवसांचं. आणि मग एकदम तिला ते खटकलेलं समजलं. तडा स्टेअरिंगच्या बरोबर समोर होता. गाडी चालवणाऱ्याला डबा तोंडावर येताना दिसला असता. उजव्या हाताला आदळलेला तो फक्त एकालाच दिसला असता: डावीकडच्या सीटवर बसलेल्याला.

४

शनिवारी सकाळी ती आधी स्वानंदकडे गेली. काचेच्या भिंतींचं दुकान, आत गारवा, मालक मात्र तिला पाहून घामाघूम.

"मी गुरुवारी दहा वाजता पाहिली ती काच, पोलीस पाहून गेल्यावर," तो म्हणाला. "खरं सांगू? मशीनचं काम नाहीये ते. हाताने घासलंय, मुठीएवढे गोल आहेत, एक लहान एक मोठा. हर्षितने मोबाइल लावला आणि मी..."

"मान हलवली."

"हो."

"तुमच्या मानेनं माहं दुकान हललं, साहेब. हे जे आता बोलले ते मॅडमले लिहून द्या."

त्याने दिलं. माणूस वाईट नव्हता, नुसता भिडस्त होता, आणि भिडेपायी किती जणांचं वाटोळं होतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तिथून चाफल्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दाराशी रुपरावांच्या पत्नी शोभाताई बसक्या पाटावर बसून रांगोळी काढत होत्या. ठेंगणी, टवटवीत बाई; चिमटीतून पडणारी रेघ कुठे जाड नाही की कुठे बारीक नाही. रांगोळी पांढरी होती आणि उन्हात चमचमत होती. काजलला तड्यातले कण आठवले. पण रांगोळीच्या डब्यातून घरातल्या कोणीही मूठभर उचलली असती.

"तू काजल ना? ये वं, आत ये," शोभाताई हात झटकत उठल्या. "मी हर्षितला म्हटलं होतं, असं कोणाचं नाव घेऊन टाकू नकोस. ऐकतात का आजकालची पोरं? बस, चहा ठेवते."

शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला गोड बोलणं फार जड जातं. काजल अवघडून व्हरांड्यात बसली. समोर झोपाळ्यावर रुपराव. पेपर शेजारी घडी करून ठेवलेला. रोज सकाळी तो शोभाताई त्यांना वाचून दाखवत.

"मी मागं बसलो होतो. डुलकी लागली होती मले," विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "पण तुझं काम कच्चंच. आजकाल सगळ्याच काचा खराब येऊन राहिल्या. आता ह्या घरच्या खिडक्या पाह्य. नव्या बसवल्या, तरी आरपार दिसत नाई. जाळंच जाळं."

काजलने खिडकीकडे पाहिलं. पलीकडच्या जास्वंदीची पानं मोजता यावीत इतकी ती स्वच्छ होती.

चहा आला. रुपरावांचा हात कपाच्या कानाकडे गेला आणि बशीच्या काठाला लागला. शोभाताईंनी न बोलता कप त्यांच्या बोटांत दिला. कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सवयीने.

"काकू, गाडीवरचं स्वस्तिक तुम्ही काढलं का?"

"हो, सोमवारी. गाडी गॅरेजातून घरी आली की मी काढतेच. आमच्या सासूबाईंची शिस्त. आणि एकदा काढलं की आपल्या हाताने पुसायचं नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल."

"बुधवारी हर्षितभाऊ गाडी ठेवून गेल्यावर घरी कोण कोण होतं?"

"आम्ही दोघंच. कामवाली सकाळी येते." शोभाताईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. "काय गं?"

काजलने अर्धा चहा तसाच ठेवला. तिला सगळं समजलं होतं.

५

साडेतीनला चौकीच्या आवारात सगळे जमले. रुपराव खुर्चीवर, शोभाताई त्यांच्या मागे, हर्षित मोबाइल हातात घेऊन, धर्मेंद्र भिंतीला टेकून. मारोतराव दारातच थांबले होते. ऊन थेट काचेवर पडत होतं.

काजल कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. आवाज फुटेपर्यंत तिने काचेवर हात ठेवला.

"ही काच घासाले दोन गोष्टी लागल्या. गारगोटीची रांगोळी, अन् फुरसत," ती म्हणाली. "रांगोळी तड्याच्या आत आहे, म्हणून घासणं झालं ते अपघातानंतर. धर्मेंद्रभाऊ बुधवारपासून चौकीत होते, त्याईनं घासली नाई. हर्षितभाऊ दवाखान्यात होते, त्याईनंही नाई. स्वानंदसाहेबांनी काच पाह्यली तीच पंचनाम्यानंतर. बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी सकाळपर्यंत गाडी चाफल्यांच्या पोर्चमध्ये होती, अन् घरी दोघंच होते."

"तोंड सांभाळून बोल!" हर्षित पुढे सरसावला.

"तू व्हिडिओत बोलला तेव्हा मी अख्खं ऐकलं ना? आता तू ऐक."

गुंजनबाईंनी हर्षितला हाताने मागे सारलं. काजलने गाडीच्या छतावर ठेवलेली एक काच उचलली. गाडीच्या दाराला बसवायची, कोरी करकरीत, कागदातून तिने आत्ताच सर्वांदेखत काढलेली. ती उन्हात धरून काजल रुपरावांसमोर गेली.

"काका, रागावू नका. हिच्यावर ओरखडे आहेत का सांगा."

रुपरावांनी डोळे बारीक केले, मान डावी-उजवी केली. "भरलेली आहे ना! हे काय, सगळीकडं जाळं. उजेड फुटून राहिला."

गुंजनबाईंनी काचेतून पाहिलं, हर्षितने पाहिलं. काच कोरी होती. आवारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती कोरी दिसत होती, एका माणसाला सोडून.

"जाळं काचेवर नाई, काका. तुमच्या डोळ्यात आहे. मोतीबिंदू," काजल म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज नकळत मऊ झाला. "तुम्ही माह्याकडं दोनदा आले तेव्हाही काच चांगलीच होती. मी समजली, तुम्ही माहा अपमान करून राहिले."

"पण बाबा तर मागे बसले होते," हर्षित पुटपुटला.

"मंग डबा धर्मेंद्रभाऊच्या उजव्या हाताले कसा आदळला? तडा स्टेअरिंगच्या समोर आहे. भाऊ डाव्या सीटवर होते. सोमवारी माह्या दुकानात आले तेव्हाही डाव्याच दारानं उतरले होते. गाडी काका चालवत होते. नेहमी तेच चालवतात."

धर्मेंद्रने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला रडू आलं होतं, बहुतेक सुटकेचं.

"मग ओरखडे बाबांनी...?" हर्षितच्या तोंडून निघालं.

"नाई. ते त्याईच्याकडून होणार नाई." काजल काचेकडे वळली आणि तिने स्वस्तिकाभोवती बोट फिरवलं. "पाहा, घासणाऱ्यानं अर्ध्या बोटाचं अंतर सोडून पूर्ण गोलाई राखली. पोर्चच्या दिव्यात, वाळलेल्या फिक्कट कुंकवाच्या भोवती. ज्याले भर उजेडात सायकल दिसली नाई, त्याले ही रेघ दिसणार आहे का? हा हात रोज रांगोळी काढणाऱ्याचा आहे. अन् स्वस्तिकच पुसून टाकलं असतं तं पत्ताही लागला नसता. पण आपण काढलेलं स्वस्तिक आपल्या हातानं पुसायचं नसते. हो ना, काकू?"

शोभाताईंनी पदर घट्ट ओढून घेतला. नाकारतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या बाईतही एक कणखरपणा होता.

"मीच घासली," त्या म्हणाल्या. "भांड्यांच्या घासणीने. ह्यांनी घरी आल्यावर एकच धोशा लावला होता, काचेनेच घात केला, काचेनेच घात केला. धर्मेंद्र ह्यांच्यासाठी सगळं अंगावर घ्यायला तयार झाला होता. त्याची पोरं माझ्या डोळ्यांसमोर वाढलीत. मला ह्यांनाही वाचवायचं होतं आणि त्यालाही. काचेचं नाव पुढे केलं की दोघं सुटतील असं वाटलं."

"अन् मी?" काजलने विचारलं.

"तुला मी ओळखत नव्हते."

एवढं सरळ उत्तर काजलने अपेक्षिलं नव्हतं. तिच्या अंगाची लाही झाली.

रुपराव इतका वेळ त्या कोऱ्या काचेकडेच बघत होते. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. आवाजातली आरामशीन बंद पडली होती. "शोभे, तू मले सांगितलं काहून नाई?"

"किती वेळा सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून. तुम्ही म्हणालात, काच बदलून घे."

म्हातारा उठला. पत्नीचा हात बाजूला सारून, खुर्च्यांचा अंदाज घेत तो गुंजनबाईंच्या टेबलापर्यंत आपल्या पायांनी गेला. "लिहा," तो म्हणाला. "गाडी रुपराव चाफले चालवत होता. धर्मेंद्रचं नाव खोडा, अन् ह्या पोरीचंही."

६

जबाब लिहून होईपर्यंत पाच वाजले. हर्षित आवारात येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो काजलजवळ आला.

"ताई, चुकलं माझं. मी तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

"काढून टाकू नको."

"मग?"

"तो काढला तं लोकाईच्या डोक्यातला निघणार आहे का? राहू दे तिथंच. अन् त्याच्यावरच दुसरा टाक. इथी, ह्याच गाडीसमोर उभा राहून. माहं नाव जेवढ्या जोरात घेतलं होतं तेवढ्याच जोरात घे. तुह्या घरातलं नाव नाई घेतलं तरी चालते, पण माहं अर्धवट घेशीन तं मी पुन्हा इथीच येईन."

त्याने घेतलं. दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा नीट बोलला. दारात उभे असलेले मारोतराव आपल्या लेकीकडे असे बघत होते, जणू माफी मागायचा सल्ला दुसऱ्याच कोणी म्हाताऱ्याने दिला होता.

काजल निघाली तेव्हा शोभाताई फाटकाशी उभ्या होत्या. आत रुपराव सही करत होते. सही कुठे करायची ते गुंजनबाई त्यांचं बोट धरून दाखवत होत्या.

"मी वाईट बाई नाही गं," शोभाताई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण हनुवटी वरच होती. "पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे. ह्यांना लोकांसमोर आंधळं ठरवायचं धैर्य झालं नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

काजलला त्यांची कीव आली. राग मात्र तसाच होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"गाडीची चावी लपवली असती, काकू," ती म्हणाली. "ते कितीही ओरडले असते तरी दिली नसती. तिकडं मनोहरराव आज चालून राहिले असते."

काजलने बापाच्या हाताला धरून रस्ता ओलांडला, आणि दोघं दवाखान्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसली. धडक खरी कोणी मारली ते मनोहररावांना अजून कोणीच सांगितलं नव्हतं.